‘एनएसजीपी’ सुरक्षा-अनुदान: देवळांच्या आणि मंडळांच्या विश्वस्तांसाठी एक परीक्षण

नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्राम, म्हणजे रूढ बोलण्यातला ‘एनएसजीपी’, ही अमेरिकेच्या संघराज्य सरकारची योजना आहे. देवळे, चर्च, सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळे), मशिदी, गुरुद्वारे, शाळा आणि इतर धर्मादाय संस्थांना ती कॅमेरे, भक्कम दारे, कुंपण, प्रवेश-नियंत्रण आणि पहारेकरी यांसाठी पैसे देते, आणि ते देताना संस्थेने स्वतःचा वाटा घालावा अशी अट ठेवत नाही. सरकारी अनुदानांच्या जगात ही अट नसणे मोठीच सवलत आहे. तरीही परीक्षणाच्या आरंभीच सांगून टाकतो की ही योजना गरजू संस्थांच्या नावाने चालत असली, तरी तिचा खरा लाभ व्यवस्थित हिशेब ठेवणाऱ्या, हाताशी थोडी रोकड असलेल्या आणि कागदपत्रांना न कंटाळणाऱ्या संस्थांनाच होतो. ज्यांना गरज आहे पण या तीन गोष्टी ज्यांच्यापाशी नाहीत, त्यांच्या पदरी बहुधा मनस्तापच पडतो.

योजना २००५ या आर्थिक वर्षात अडीच कोटी डॉलरच्या तरतुदीने सुरू झाली. गृहसुरक्षा खात्याच्या अखत्यारीतील ‘फेमा’ ही आपत्ती-व्यवस्थापन संस्था ती चालवते, त्यामुळे वादळ आणि पुराच्या मदतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयाकडे देवळाच्या दाराचा प्रस्ताव का पाठवायचा, असा प्रश्न नव्या विश्वस्ताला पडतो. दहशतवादी हल्ल्यांच्या धोक्यापासून संरक्षण हा योजनेचा मूळ हेतू असल्याने आरंभी ती केवळ मोठ्या, जोखमीच्या मानल्या गेलेल्या महानगरी पट्ट्यांपुरती होती. त्या पट्ट्यांबाहेरच्या संस्थांसाठी स्वतंत्र शाखा २०१८ च्या आर्थिक वर्षापासून आली आणि जानेवारी २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने संपूर्ण योजनेला पक्के अधिष्ठान मिळाले. त्यानंतर तरतूद झपाट्याने वाढली: २०२० मध्ये ९ कोटी डॉलर, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२२ मध्ये २५ कोटी आणि २०२३ मध्ये ३० कोटी ५० लाख. २०२४ मध्ये नियमित तरतूद २७ कोटी ४५ लाखांवर उतरली, परंतु त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने पुरवणी तरतुदीतून आणखी ४० कोटी डॉलर या कामासाठी दिले.

या वाढीमागे रक्तरंजित घटनांची मालिका आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वाऱ्यावर, जून २०१५ मध्ये चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चवर आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्ग येथील सिनेगॉगवर गोळीबार झाला. पिट्सबर्गला ११ भाविक मारले गेले. यहुदी संस्थांनी या योजनेसाठी वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केला आणि आजही सर्वाधिक तयारीचे अर्ज त्यांच्याकडूनच येतात. अमेरिकेतील आपल्या समाजात मात्र हिंदू देवळांच्या भिंतींवर द्वेषपूर्ण मजकूर रंगवण्याचे प्रकार घडू लागल्यावर हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत येऊ लागला. कॅलिफोर्नियातील नेवार्क येथे डिसेंबर २०२३ मध्ये आणि न्यूयॉर्कमधील मेलव्हिल येथे सप्टेंबर २०२४ मध्ये असे प्रकार झाले.

रकमेच्या बाबतीत योजना उदार आहे. २०२१ ते २०२४ या काळात एका जागेसाठी जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मागता येत होते. २०२५ मध्ये ही मर्यादा २ लाख डॉलर झाली आणि एका संस्थेला तीन जागांसाठी मिळून ६ लाखांपर्यंत मागणी करण्याची मुभा मिळाली. मध्यम आकाराच्या देवळाला आवश्यक असलेली कॅमेऱ्यांची यंत्रणा, दर्शनी दारे, वाहनतळावरचे दिवे आणि आवाराचे कुंपण या रकमेत सहज बसते. परंतु मागणी आणि मंजुरी यांतले अंतर विसरून चालणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून कमी अर्ज मंजूर झाले. म्हणून या अनुदानाचा आकडा पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला आधीच लिहून ठेवणाऱ्या खजिनदाराला वेळीच थांबवलेले बरे.

पात्रतेची पहिली कसोटी सोपी आहे. करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली येणारी धर्मादाय संस्था अर्ज करू शकते, आणि प्रार्थनास्थळे त्या कलमाखाली आपोआप करमुक्त मानली जात असल्याने त्यांना स्वतंत्र मान्यतापत्राची सक्ती नाही. दुसऱ्या कसोटीवर आपली अनेक मंडळे अडकतात. अनुदान एका ठरावीक पत्त्यावरच्या, संस्थेच्या प्रत्यक्ष वापरात असलेल्या जागेसाठी असते. टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. अमेरिकेतील बहुतेक महाराष्ट्र मंडळांना स्वतःची वास्तू नाही. गणेशोत्सव एखाद्या शाळेच्या सभागृहात, दिवाळीचा कार्यक्रम दुसऱ्याच ठिकाणी आणि मराठी शाळा तिसऱ्याच इमारतीतील भाड्याच्या वर्गांत भरते. वर्षातून दोन वेळा हजारभर माणसे एका छताखाली जमवणाऱ्या अशा मंडळाची सुरक्षेची चिंता खरी असते, पण ज्या सभागृहात ती माणसे जमतात ते मंडळाचे नसते, आणि दुसऱ्याच्या इमारतीत कॅमेरे बसवण्यासाठी ही योजना बनलेली नाही. जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर असेल तर अर्ज करता येतो, मात्र मालकाची लेखी संमती आधीच हाती असावी.

गुणांकनाची पद्धतही आपल्या संस्थांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात देऊळ आणि मंडळ यांना वेगवेगळी वागणूक मिळते. प्रस्तावाला जास्तीत जास्त ४० गुण असतात. २०२२ आणि २०२३ च्या नियमांनुसार धार्मिक किंवा वैचारिक ओळखीमुळे धोका असलेल्या संस्थेचे गुण तिपटीने, निधर्मी शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थांचे दुपटीने आणि उरलेल्या सर्व संस्थांचे एकपटीने मोजले गेले. याचा अर्थ असा की उत्कृष्ट प्रस्ताव लिहून पूर्ण ४० गुण मिळवणारे सांस्कृतिक मंडळ, सुमार प्रस्ताव लिहून १५ गुण मिळवणाऱ्या देवळाच्याही मागे पडते. धोक्याचे स्वरूप पाहता या भेदामागचा तर्क मला मान्य आहे, तरी एवढ्या मोठ्या पटीचे समर्थन करणे कठीण वाटते. पूर्वी कधीही हे अनुदान न मिळालेल्या संस्थेला जादा गुण देण्याची तरतूद मात्र निःसंशय चांगली आहे आणि आपल्या बहुतेक देवळांना तिचा फायदा होऊ शकतो.

खर्चाच्या मान्य बाबी बऱ्याच व्यापक आहेत. फेमाच्या मान्यताप्राप्त साहित्याच्या यादीतून कॅमेरे, आघात सोसणारी दारे आणि फाटके, कुंपण, वाहन अडवणारे खांब, प्रकाशव्यवस्था, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आणि सायबर-सुरक्षेची साधने घेता येतात. कंत्राटी पहारेकऱ्यांवर विशेष सवलत न मागता अनुदानाच्या निम्म्यापर्यंत रक्कम खर्च करता येते. नियोजन, प्रशिक्षण आणि सराव यांनाही जागा आहे. वर्ज्य बाबींची यादीही स्पष्ट आहे: शस्त्रे आणि शस्त्रांचे प्रशिक्षण, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या वाचणारी यंत्रणा, चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीचे कॅमेरे, मंजुरीपूर्वी केलेला खर्च, आणि स्वतः प्रस्ताव किंवा सुरक्षा-आढावा तयार करून घेण्याचा खर्च. यांतील शेवटची बाब लहान संस्थांना सर्वाधिक झोंबते, कारण व्यावसायिक सल्लागाराकडून अर्ज लिहून घेतला तर त्याचे मानधन अनुदानातून निघत नाही, आणि अर्ज नामंजूर झाला तर ते पाण्यात जाते.

खरेदीच्या बाबतीत एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. २०१९ च्या संरक्षण प्राधिकार कायद्यातील कलम ८८९ मुळे ह्वावे, झेडटीई, हायटेरा, हाइकव्हिजन आणि दाहुआ या चिनी कंपन्यांची दूरसंचार आणि चित्रीकरणाची साधने संघराज्य सरकारच्या अनुदानातून विकत घेता येत नाहीत. स्वस्त कॅमेऱ्यांच्या बाजारात यांपैकी शेवटच्या दोन कंपन्यांचा माल मोठ्या प्रमाणात आहे आणि तो अनेकदा दुसऱ्याच नाममुद्रेखाली विकला जातो. म्हणून वेष्टनावरचे नाव पाहून समाधान न मानता, मूळ उत्पादक कोण याविषयी पुरवठादाराकडून लेखी हमी घ्यावी.

आपल्या संस्थांच्या चर्चेत सारा भर कॅमेऱ्यांवर असतो आणि प्रशिक्षणाची ओळ अर्जात औपचारिकतेपुरती उरते, हे मला चुकीचे वाटते. १५ जानेवारी २०२२ रोजी टेक्सासमधील कॉलीव्हिल येथील सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने चार जणांना ओलीस धरले. आडोसा शोधत आलेला गरजू माणूस समजून त्याला आत घेऊन चहा देण्यात आला होता, म्हणजे दार कितीही भक्कम असते तरी ते त्याच्यासाठी उघडलेच गेले असते. जवळजवळ अकरा तासांच्या त्या प्रसंगाच्या अखेरीस तेथील रब्बाय, म्हणजे यहुदी धर्मगुरू, चार्ली सायट्रॉन-वॉकर यांनी हल्लेखोराच्या दिशेने खुर्ची फेकली आणि उरलेल्या ओलिसांसह ते बाहेर पडले. पूर्वी घेतलेल्या सुरक्षा-प्रशिक्षणामुळेच आपण वाचलो, असे त्यांनी नंतर सांगितले. आपल्या देवळांतही दारावर येणाऱ्या प्रत्येकाला ‘या, प्रसाद घ्या’ असेच म्हटले जाते आणि ते तसेच राहावे, पण स्वागताला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने काय पाहावे, कोणाला कळवावे आणि गर्दीला कोणत्या दाराने बाहेर काढावे, हे शिकवण्यासाठी याच अनुदानातून पैसे मिळतात, तेव्हा ते मागितले पाहिजेत.

आता अर्जाकडे वळू. त्याचा गाभा म्हणजे ‘इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन’ नावाचा नमुना. प्रत्येक जागेसाठी तो स्वतंत्र भरावा लागतो आणि त्यासोबत त्या जागेचा सुरक्षा-आढावा आणि संस्थेचे ध्येयविधान जोडावे लागते. नमुना संगणकावर भरून तसाच पाठवायचा असतो. छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली प्रत चालत नाही. प्रत्येक रकान्यात अक्षरमर्यादा असते. या नमुन्याविषयी माझे मत, काहींना आश्चर्य वाटेल, पण अनुकूल आहे. धोका, कच्चे दुवे आणि संभाव्य परिणाम या तीन गोष्टी वेगळ्या करून विचारल्याने विश्वस्तांना आपल्या वास्तूकडे प्रथमच शिस्तीने पाहावे लागते. ‘सध्याच्या वातावरणात हिंदूंना भीती वाटते’ असे वाक्य धोक्याच्या रकान्यात लिहून काही साधत नाही. आपल्या देवळाला आलेली धमकीची पत्रे किंवा दूरध्वनी, पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारी, आसपासच्या समानधर्मी संस्थांवर झालेले प्रकार, हे तारखांसह लिहावे लागते. येथेच आपल्या संस्थांची एक जुनी सवय आड येते. भिंतीवर कोणी काही खरडले की दुसऱ्या दिवशी स्वयंसेवक रंगाचा डबा आणून ते पुसून टाकतात, ‘कशाला उगाच गाजावाजा’ म्हणून पोलिसांत कोणी जात नाही आणि छायाचित्रही काढून ठेवत नाही. दोन वर्षांनी अर्ज भरताना त्या घटनेचा पुरावा उरलेला नसतो.

कच्च्या दुव्यांचा रकाना आणि खर्चाचा रकाना एकमेकांशी जुळले पाहिजेत, हीही परीक्षकांची साधी अपेक्षा असते. मागचे दार रस्त्यावरून दिसत नाही आणि त्याचे कुलूप जुने आहे, असे आढाव्यात नोंदवले असेल तर खर्चात त्या दाराची आणि त्यावरच्या कॅमेऱ्याची ओळ हवी. आढाव्यात ज्याचा उल्लेखच नाही अशी वस्तू यादीत दिसली की प्रस्तावाचे गुण घटतात. हा आढावा विकत घेण्याची आवश्यकता नाही. ‘सिसा’ या संघराज्य सायबर आणि पायाभूत-सुरक्षा संस्थेचे सुरक्षा-सल्लागार देशभर नेमलेले आहेत, ते कोणतेही शुल्क न घेता जागेची पाहणी करतात, आणि प्रार्थनास्थळांसाठी या संस्थेची स्वयं-मूल्यांकनाची प्रश्नावलीही उपलब्ध आहे. संपूर्ण व्यवस्थेतील हा भाग मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण अर्ज मंजूर होवो वा न होवो, ती पाहणी संस्थेच्या कामी येतेच.

अर्ज थेट फेमाकडे जात नाही. प्रत्येक राज्याने नेमलेली प्रशासकीय यंत्रणा तो स्वीकारते, त्याला गुण देऊन क्रम लावते आणि मग फेमाकडे पाठवते. या रचनेमुळे दोन अडचणी उद्भवतात. फेमाने जाहीर केलेली अंतिम तारीख राज्यांसाठी असते. संस्थांसाठी राज्याने ठरवलेली तारीख त्याहून कितीतरी आधीची असते आणि ती उलटली तर दाद मागायला जागा नसते. शिवाय वर्षागणिक वेळापत्रक बदलते: २०२३ मध्ये अधिसूचना फेब्रुवारीच्या अखेरीस आली, २०२४ मध्ये एप्रिलच्या मध्यावर, तर २०२५ मध्ये थेट जुलैच्या अखेरीस आणि तीही अत्यंत अल्प मुदतीची. अधिसूचनेनंतर कामाला लागणाऱ्या समितीला अशा वर्षी दोन आठवड्यांत सारे उरकावे लागते. संस्थेचा ‘यूईआय’ हा संघराज्य सरकारकडचा ओळख-क्रमांक, सुरक्षा-आढावा, ध्येयविधान आणि दरपत्रके ही चार कागदपत्रे ज्यांच्या धारिकेत आधीपासून तयार असतात, त्यांनाच अशा वर्षी अर्ज करता येतो.

मंजुरीचे पत्र आले की देवळात पेढे वाटले जातात, आणि माझ्या मते योजनेचा सर्वांत कमकुवत भाग तेथून सुरू होतो. हे अनुदान प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर चालते: संस्थेने आधी खर्च करायचा, पावत्या, देयके आणि भरणा केल्याचे पुरावे राज्याकडे पाठवायचे आणि नंतर पैसे परत मिळायचे. दीड लाख डॉलरच्या कामासाठी लहान देवळाने आगाऊ रक्कम कोठून आणावी, या प्रश्नाला योजनेत समाधानकारक उत्तर नाही. काम टप्प्याटप्प्याने विभागून प्रत्येक टप्प्याची प्रतिपूर्ती मागणे हा एक मार्ग आहे आणि अनुदानाचा कालावधी सामान्यतः ३६ महिन्यांचा असल्याने तो शक्यही असतो, परंतु कंत्राटदार त्याला राजी हवा. काही संस्था सभासदांकडून बिनव्याजी उसने घेतात. ते केल्यास त्याची रीतसर कागदोपत्री नोंद ठेवावी, तोंडी शब्दावर विसंबू नये.

खर्च सुरू करण्यापूर्वी आणखी एक पायरी असते आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाही. भिंतीला छिद्र पाडणे, जमीन खणणे, खांब रोवणे किंवा बाहेरचे दिवे बसवणे अशा कामांना पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा यांच्या दृष्टीने फेमाची स्वतंत्र मान्यता लागते. अमेरिकेतील कितीतरी देवळे जुनी चर्च विकत घेऊन उभी राहिली आहेत, त्यामुळे वास्तूचे वय, तिची छायाचित्रे आणि परिसराचा तपशील द्यावा लागतो आणि ही तपासणी लांबू शकते. ही मान्यता येण्याआधी काम सुरू केले तर त्या खर्चाची प्रतिपूर्ती नाकारली जाऊ शकते. नवरात्राच्या आधी कॅमेरे लागलेच पाहिजेत असा आग्रह धरणाऱ्या उत्साही विश्वस्ताला हा नियम बैठकीत वाचून दाखवावा. खरेदीतही ‘आपल्याच समाजातला ओळखीचा माणूस आहे, स्वस्तात करून देईल’ ही पद्धत चालत नाही. संघराज्य नियमांनुसार स्पर्धात्मक दरपत्रके मागवावी लागतात, आणि कंत्राटदार एखाद्या विश्वस्ताचा नातेवाईक असेल तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. या कडकपणाविषयी माझी तक्रार नाही. सार्वजनिक पैशाला ही शिस्त हवीच, आणि आपल्या काही संस्थांना ती या निमित्ताने लागली तर चांगलेच आहे.

विश्वासार्हतेच्या कसोटीवर मात्र २०२५ चे वर्ष योजनेला लाभलेले नाही. त्या वर्षाच्या वसंतात अनुदानांची फेरतपासणी सुरू झाल्याने प्रतिपूर्ती थांबली आणि आधीच खर्च करून बसलेल्या संस्था चिंतेत पडल्या. पुढे त्या वर्षाच्या अटींमध्ये स्थलांतरविषयक अंमलबजावणीला सहकार्य करण्यासंबंधीची कलमे दिसल्याने अनेक धार्मिक संस्थांनी अर्ज करावा की नाही याचा विचार केला. ज्या संस्थांच्या सभासदांत विद्यार्थी, एच-१बी व्हिसाधारक आणि ग्रीनकार्डची वाट पाहणारे लोक आहेत, त्यांनी अटींचे संपूर्ण कलमवार वाचन वकिलाकडून करून घेतल्याशिवाय करारावर सही करू नये.

ज्यांना संघराज्य योजनेचा हा व्याप झेपण्यासारखा नाही त्यांनी आपल्या राज्याकडे पाहावे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या मराठी वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या तिन्ही राज्यांनी याच हेतूने स्वतःच्या अनुदान-योजना चालवल्या आहेत. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्थेला मी तेथूनच सुरुवात करण्याचा सल्ला देईन, कारण एकदा तयार केलेला सुरक्षा-आढावा आणि घटनांची नोंद दोन्हीकडे उपयोगी पडते.

आणि खरेदीची यादी अंतिम करण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक वस्तूपुढे ३६ महिन्यांनंतरचा वार्षिक खर्च लिहावा. साहित्याची देखभाल आणि हमी यांचा खर्च अनुदानाच्या कालावधीपुरता मागता येतो. त्यानंतर चित्रणाच्या साठवणुकीचे शुल्क, धोक्याच्या सूचनेवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या कंपनीची वर्गणी, प्रवेशपत्रांच्या प्रणालीचा परवाना आणि पहारेकऱ्याचे वेतन हे सारे देणगीपेटीतूनच भागवावे लागते. एखादी वस्तू चौथ्या वर्षी परवडणार नसेल, तर ती यादीतून वगळून तेच पैसे दारे, दिवे आणि कुंपण यांकडे वळवणे अधिक शहाणपणाचे ठरते.